किरायानाम्यातलं साडीचं कलम

खोली पाहायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावातली आळी. त्या वर्षी आदिलाबादेत मी सहा खोल्या पाहिल्या. माझं आडनाव ऐकलं की सहाही खोल्या अचानक घरमालकाच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेल्या निघाल्या. एवढ्याशा गावात एवढे पुतणे कुठून आले असतील, याचं मला आजही नवल वाटतं.

सातव्या घरी मी तयारीनं गेले. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता, आणि तामसीकडच्या एका गावच्या मराठी शाळेत मी नुकतीच सायन्स टीचर म्हणून लागले होते. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आले, आणि आमच्या घरात पगाराचं पाकीट आणणारी मी पहिली. त्यामुळे मान जरा ताठच असायची. आता फोटो पाहते तर वाटतं, बाईच्या मानेला उसण भरली असावी. तर मी आडनाव, गाव, आळी, बुद्धाची दीक्षा असं सगळं एका दमात सांगायचं भाषण पाठ करून गेले.

दारात एक उंच, वाळका माणूस उभा होता. मनगटाला एक पट्टी, पट्टीला तार, आणि तारेचं दुसरं टोक दाराशेजारी जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपला. खुंट्याला गाय बांधावी तसा हा माणूस पाइपला बांधलेला. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझं भाषण ओठावर आलं.

"साडी कशाची हाये?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"कापड, बाई. सुती का नायलॉन?"

"सुती."

"अन पेटीत?"

"पेटीत पण सुतीच," मी धडधडीत खोटं बोलले.

"मंग उद्या या राहायले."

आडनाव त्यांनी विचारलं ते दुसऱ्या दिवशी, किरायानाम्यात लिहायला लागतं म्हणून. लिहिलं तेही मान वर न करता. मग पहिलं कलम वाचून दाखवलं: "किरायेदार बाईने नायलॉन, टेरिलीन व तत्सम चमकणारे कापड या घरात नेसू नये, वाळत घालू नये व झटकू नये." दुसरं कलम: "दाराशेजारील पाइपास हात लावल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये." किराया कुठे तरी तळाशी होता.

मी ठरवून टाकलं की हा माणूस खादीवाला. आमचे हे तेव्हा नार्नूरला मंडल ऑफिसात क्लार्क होते आणि शनिवारच्या शनिवारी येत. त्यांना मी ऐटीत म्हटलं, "घरमालक फार तत्त्वाचा आहे हो." पेटीच्या तळाशी मात्र हिरवी नायलॉनची साडी होती, पिवळ्या ठिपक्यांची, ह्यांनी लग्नानंतर स्वतःच्या पसंतीनं घेतलेली पहिली. ती मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली, घरात दारूची बाटली लपवावी तशी.

तत्त्व कुठलं? काकाजी सीडी प्लेअर दुरुस्त करायचे.

मी त्यांना काकाजी म्हणायची, सगळं गाव रेडिओवाले म्हणायचं. तरुणपणी बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरांतले रेडिओ दुरुस्त करत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग टेपरेकॉर्डर आले, ते शिकले. मग सीडी आली आणि काकाजींचं डोकं फिरलं. त्या डब्यात सुईही नाही, फीतही नाही, नुसता उजेड तबकडी वाचतो, हे कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. काकू हे सांगताना अजून वैतागायच्या. "दोन दिवस! पुरणपोळी केली होती मी."

तो उजेड काढणारा लेझर म्हणजे मिठाच्या खड्याहूनही बारीक एक स्फटिक. त्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आपल्या अंगावर साचलेली वीज. आमच्याकडे हिवाळ्यात हवा अशी कोरडी पडते की ओठ फुटतात, आणि त्यात नायलॉन अंगाला घासलं की बाई म्हणजे चालतं-बोलतं वादळ. बोट लागायचा अवकाश, खडा खलास. म्हणून साडीचं कलम, म्हणून मनगटाची तार आणि म्हणून तो पाइप. पाइपच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं होतं आणि काकाजी रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतत.

आता एक माणूस रोज सकाळी आंघोळ करून, अनवाणी, जमिनीत रोवलेल्या एका गोष्टीवर तांब्यानं पाणी ओततो, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तिला हात लावतो. आळीतल्या बायकांनी यातून काय समजायचं? महिनाभरात पाइपला हळदीकुंकू लागलं. मग कोणी तरी गोंड्याच्या फुलांची माळ घातली. गिऱ्हाईक पाइपला हात लावायचं आणि तोच हात छातीला लावून आत जायचं.

मी चिडून काकाजींना म्हटलं, "तुम्ही शिकलेसवरलेले, ही अंधश्रद्धा कशी चालू देता?"

"पानी टाकतात ना त्या?"

"टाकतात."

"मंग टाकू द्या. अर्थिंग ओली राहते."

त्यांचं एक पालुपद होतं: "दिसत नाई मंजे नाई, असं नाई." सीडीतला लेझर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. लोक उघड्या प्लेअरच्या भिंगात डोळा घालून बघायचे, लागला का म्हणून, आणि काकाजी पट्टीनं फाडकन टेबलावर मारायचे. "डोळा काढा! आत उजेड हाये!" "कुठं दिसते हो?" "दिसत नाई मंजे नाई, असं नाई!" खात्री करायची तर ते शेजारच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याला त्याच्या कॅमेऱ्यासकट ओढून आणत. आपल्याला न दिसणारा तो उजेड कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यासारखा दिसायचा. मी तो पाहिला तेव्हा "अय्यो!" म्हणून ओरडले होते. शाळेत मी प्रकाशाचा धडा शिकवत होते, हे कृपया लक्षात ठेवा.

परवा माझी नात फोन तोंडासमोर धरून म्हणाली, "आजी, बघ, माझा चेहरा पाहून उघडतो. यातून हजारो ठिपके माझ्या तोंडावर पडतात, दिसत नाहीत." मी म्हटलं, "दिसत नाई मंजे नाई, असं नाई." तिला वाटलं आजीचं वय झालं.

तर पाइपविषयी. माझं म्हणणं असं, की आम्ही दीक्षा घेतलेली माणसं दगडालासुद्धा हात जोडत नाही, आणि हळदीकुंकू लावलेल्या पाइपला मी हात लावावा? छे. दुसरं कलम मी तत्त्वासाठी मोडायची. काकाजींचं लक्ष नसलं की दोन्ही हात पाठीमागे धरून, पाइपकडे तिरस्काराचा एक कटाक्ष टाकून, मी दुकानात शिरायची. क्रांती केल्यासारखं वाटायचं.

माघातल्या एका सकाळी मी वरच्या खोलीतून उतरले ती अंगावर लोकरी शाल लपेटून. लोकर किरायानाम्यात नव्हती. काकाजी तारा जोडायचं सोल्डर गरम करत होते. टेबलावर एक प्लेअर पोट उघडून पडला होता. मी म्हटलं, "हेच का ते भिंग?" आणि बोट लावलं.

चट्.

अगदी बारीक आवाज झाला. मला मुंगी चावल्यासारखं वाटलं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पाइपकडे, मग माझ्या शालीकडे.

"पाइपले हात लावला होता का?"

"मी दगडधोंड्यांना मानत नाही," मी बाणेदारपणे म्हणाले.

"बाई, तो देव नाई. तो नळाचा पाइप हाये."

काकू आतून म्हणाल्या, "सांगतलं होतं मी, हळदीकुंकवानं घोटाळा होईन मनून."

मला वाटलं आता सामान बाहेर. पण काकाजी रागावलेच नाहीत. त्यांनी मेलेला लेझर काढला, त्याची इवलीशी धातूची टोपी कापली, आतला खडा माझ्या हाती भिंग देऊन दाखवला आणि मग एका काडेपेटीत काळ्या कापडावर ठेवला. वर लिहिलं, "टीचरबाईंनी मारलेला." ती काडेपेटी ते आल्यागेल्याला दाखवत.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं. "दोन गावं हायेत समजा. या गावात मानसं जास्त, घरं कमी. त्या गावात घरं रिकामी. मधे एक बारीक गल्ली. मागून करंट ढकलते तवा मानसं गल्लीत येतात अन रिकाम्या घरात जाऊन पडतात. पडता पडता अंगातलं जे जास्तीचं सुटते, तोच उजेड. गल्ली जितकी अरुंद, तितकी गाठ लवकर. नव्या मालात तर गल्ली इतकी बारीक करतात की जरासा करंट दिला तरी काम होते."

"आणि घरात शिरताना आडनाव विचारत नाहीत?" मी म्हटलं.

काकाजी खूप वेळ हसले. "नाई. तिथं फक्त घर रिकामं पाह्यजे."

विनोद केला, पण कळलं काहीच नव्हतं. मी "कळलं, कळलं" म्हणत वर गेले. ही सवय फार महागात पडली, आणि ती मला नाही, त्यांना.

त्याच वर्षी उन्हाळ्यात काडेपेटी दाखवता दाखवता काकाजी म्हणाले, "खडा कुठं गेला?" खडा कापडावरच होता, त्यांच्या बोटाजवळ. ते शेजारी शोधत होते. मग म्हणाले, हल्ली डोळ्यापुढं धूर येते, काळे धागे लोंबतात. साखर त्यांना पुष्कळ वर्षांची होती आणि चहात दोन चमचे घालून तिचा ते मान राखत. गावात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं, तिथे काकू त्यांना ओढून घेऊन गेल्या. डॉक्टरनं डोळ्याच्या आत पाहून चिठ्ठी दिली: आतल्या बारीक रक्तवाहिन्या साखरेनं गळायला लागल्या आहेत, नागपूरला जा, लेझर घ्या, उशीर करू नका.

काकू चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, तुमी सायन्सच्या. हे लेझर मंजे नेमकं काय करतात मानसाले?"

इथं खरं तर मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. तीन अक्षरी-दोन अक्षरी दोन शब्द. पण सायन्स टीचरनं असं म्हणायचं? मी पदर सावरला, घसा साफ केला आणि त्या ताठ मानेनं सांगितलं, "लेझर म्हणजे अतिशय तीव्र किरण, काकू. पोलादाची जाड पट्टीसुद्धा लोण्यासारखी कापतो."

काकूंचं तोंड पांढरं पडलं. "पोलाद?"

"पोलाद," मी म्हटलं. वर "हिरासुद्धा" असं जोडलं.

काकू निघून गेल्या. मला वाटलं, चला, ज्ञानदान झालं.

चिठ्ठी पुन्हा दिसली नाही. मी एकदोनदा विचारलं तर काकू म्हणाल्या, पाहू, कापूस वेचणी होऊ द्या. त्यांच्याकडे वावरच नव्हतं. काकाजींना विचारलं तर ते उसळले, "जलमभर लोकायले सांगून राह्यलो, लेझरात डोळा घालू नोका. अन आता मीच घालू?" म्हणजे नवरा आपल्या ज्ञानाला भ्यायला होता आणि बायको माझ्या ज्ञानाला.

पोळ्यापर्यंत काकाजींचा उजवा डोळा जवळजवळ गेला. ते काही सांगत नव्हते, पण सोल्डरचं टोक आता बोटानं चाचपून लावायचे. भाजायचं. मग एके दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला प्लेअर परत दिला. "दुसरीकडं दाखवा." मनगटाची पट्टी काढून त्यांनी पाइपवर अडकवून ठेवली. बांधलेला नसलेला तो माणूस पाहून मला कसंसंच झालं.

मी काकूंना गाठलं. त्या ज्वारीच्या कोठीपाशी होत्या. मी चिठ्ठी मागितली तशा रडायलाच लागल्या आणि कोठीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी ती तळातून काढली. "पोलाद कापते म्हणले ना तुमी. त्याहीचा डोळा काय पोलादाचा हाये का?"

ज्वारीचे दाणे चिकटलेली ती चिठ्ठी माझ्या हातात होती. त्या दिवशी माझी मान पहिल्यांदा सरळ झाली, म्हणजे खाली गेली.

डावा डोळा अजून शाबूत होता. तो राहायचा तर काकाजींनी नागपूरला जायला हवं होतं, आणि ते कोणाचं ऐकणारे नव्हते. ऐकलं तर फक्त स्वतःचं. म्हणून मी डाव रचला. म्हटलं, "काकाजी, माझ्या पोरांना लेझर समजावून सांगा. मला येत नाही." शेवटचे तीन शब्द म्हणायला मला सहा महिने लागले होते, पण तोंडातून गेले एका क्षणात.

काकाजी बसनं शाळेत आले आणि आल्याबरोबर विचारलं, "लेझीम किती हायेत?"

आमच्याकडे तीस लेझीम होत्या. त्यांनी निम्मी पोरं शाळेच्या ओट्यावर उभी केली, बाकीची खाली अंगणात. ओट्याच्या एका टोकाला हेडमास्तरांना उभं केलं. "तुमी पक्का आरसा. कोनालेच बाहेर सोडायचं नाई, आलेला परत फिरवायचा." हेडमास्तर खूश झाले, त्यांचं नेहमीचं कामच होतं ते. दुसऱ्या टोकाला मी. "तुमी गळका आरसा. थोडे बाहेर सोडा, बाकीचे परत फिरवा."

मग एका पोरीला लेझीम वाजवत ओट्याच्या कडेनं धाडलं. नियम असा की ती ओट्यावरच्या ज्याच्या समोरून जाईल त्यानं खाली उडी मारायची आणि तिच्याच तालात, तिच्याच पावलात, तिच्याच दिशेला चालायला लागायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. पण अंगणातली रिकामी पोरं खोडसाळ. समोरून लेझीम गेली की तिला धरून तीच ओट्यावर चढून बसायची. पाच मिनिटं नुसता कलकलाट.

"पाह्यलं?" काकाजी ओरडले. "खालचे जास्त असले की उजेड खाऊन टाकतात! वर जास्त पाह्यजे. करंट वाढवा!" करंट म्हणजे पीटीचे सर. सरांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना ओट्यावर चढवलं आणि जो उडी मारेल त्याला लगेच परत वर पिटाळायला लागले.

आणि मग ते झालं. पोरगी हेडमास्तरांवर आपटून परतली ती चौघांना घेऊन, माझ्याकडून परतली ती दहांना घेऊन, आणि एकाएकी सगळा ओटा एका तालात वाजायला लागला. छम् छम् छम्. तीसच्या तीस लेझीम, एक आवाज. अंगावर काटा आला माझ्या. बल्बचा उजेड म्हणजे बाजारातली गर्दी आणि लेझर म्हणजे हे, एवढं मला त्या क्षणी समजलं, कॉलेजात चार वर्षांत न समजलेलं.

त्या आनंदात गळक्या आरशाचं भान सुटलं. मी पोरं परत फिरवायची विसरले. सगळी लेझीम माझ्याजवळून फाटकाबाहेर, आणि तिथून सरळ घरी. त्या दिवशी शाळा पावणेचारला सुटली.

"आरसा फारच गळका असला तर लेझर विझते," काकाजी रिकाम्या ओट्याकडे पाहत म्हणाले. "हे पन शिकवलं बाईनं."

हेडमास्तर पाय चोळत बसले होते. त्यांनी विचारलं, "पन हा लेझर लोखंड कापतो ना? आमच्या बाई तर वर्गात तसंच सांगतात."

"एकच लेझर थोडीच हाये," काकाजी म्हणाले. "कारखान्यात कापते तो वेगळा, भला मोठा. खड्याएवढा तो सीडी वाचते. टेलिफोनची काचेची तार टाकून राह्यले ना रस्त्याच्या कडेनं, तिच्यातून बोलणं नेते तोही खडाच. दुकानात मालावरच्या काळ्या रेघा वाचते. किती ताकद, कुठं टाकायची, किती वेळ, हे तीन सांभाळलं की तो कापत नाई, नुसता जोडते. डोळ्यात सुद्धा गळकी नस बंद कराले—"

ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. ओट्यावर कोणाची तरी राहिलेली लेझीम पडली होती, ती त्यांनी चाचपून उचलली.

"डाव होता हा तुमचा," ते म्हणाले.

"होता," मी म्हटलं.

"नागपूरची बस किती वाजता असते?"

पैनगंगा ओलांडून आम्ही तिघं नागपूरला गेलो. काकूंनी भाकरीबरोबर देवाचा अंगारा घेतला होता, काकाजींनी मनगटाची पट्टी. दवाखान्यात शिरल्याबरोबर त्यांनी हात धुवायचा लोखंडी नळ शोधून त्याला हात लावला. मग नर्सबाईंना विचारलं, "सिस्टर, युनिफॉर्म सुती हाये ना?" सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आहे म्हणा."

डॉक्टर तरुण होते. काकाजींनी हनुवटी मशीनवर ठेवायच्या आधीच चौकशी मांडली.

"कोनता हाये? खड्याचा का?"

"डायोड लेझर, हो."

"किती नॅनोमीटर?"

डॉक्टर चपापले. "आठशे दहा."

"आमचा सातशे ऐंशी!" काकाजी काकूंकडे वळले. "अगं, चुलतभाऊच हाये आपल्या सीडीचा!" काकूंनी पदर डोक्यावर घेतला, पाहुणे भेटल्यासारखा.

"हा दिसणारा लाल ठिपका नुसता नेम धरायला," डॉक्टर म्हणाले. "काम करतो तो दिसत नाही."

"दिसत नाई मंजे नाई, असं नाई," काकाजी पुटपुटले.

इथवर सगळं छान होतं. मग डॉक्टर म्हणाले, "आता डोळा उघडा ठेवून सरळ उजेडात बघा." आणि काकाजींनी गच्च डोळे मिटले. तीनदा. जन्मभराची सवय ती. ते तरी काय करणार? तिसऱ्या वेळी डॉक्टर वैतागले. "आजोबा, सहकार्य करत नसाल तर राहू द्या."

हनुवटी मशीनवरच ठेवून काकाजी म्हणाले, "टीचरबाई."

"काय काकाजी?"

"तुमी नळ धरा. मंग उघडतो."

विज्ञानाच्या दृष्टीनं याला काहीही अर्थ नव्हता. माझा हात नळाला लावून त्यांच्या डोळ्याचं काय भलं होणार? हे मला तोवर कळायला लागलं होतं, आणि त्यांना तर माझ्याहून जास्त कळत होतं. मी डोळ्यांवर दवाखान्याचा हिरवा चष्मा चढवला, बेसिनपाशी गेले आणि नळ धरला. दोन्ही हातांनी. ज्या बाईनं वर्षभर एका पाइपला तत्त्वासाठी बोट लावायचं टाळलं होतं ती अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं नळाला मिठी मारून उभी होती. सिस्टर तीनदा म्हणाली, "मॅडम, पाणी हवंय का?"

काकाजींनी डावा डोळा उघडला. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकीला त्यांचा खांदा किंचित उडायचा, पण हनुवटी हलली नाही. काकू बाहेर बाकावर अंगारा मुठीत धरून बसल्या होत्या.

शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उजव्याला फार उशीर झाला आहे. डाव्यातलं गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र वाचावं. आधी काही दिवस धूसर दिसेल, मग कळेल. उजव्या डोळ्याचं ऐकताना काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर काकाजी काळा चष्मा लावून ओसरीत बसून राहायचे. पुन्हा एकदा नागपूरची फेरी झाली. दिवस गेले, मग आठवडे. डोळ्याचं विचारलं की म्हणायचे, "पाहू." काकू रोज सकाळी समोर बोटं धरायच्या, "किती?" आणि ते म्हणायचे, "पाच. मानसाले पाचच असतात." काकूंना हसावं की रडावं कळायचं नाही. दुकान बंद. मनगटाची पट्टी परत पाइपवर लटकलेली. काही दिसत नसेल आणि काकूंना सांगवत नसेल, असं मला वाटायला लागलं. हळूहळू खात्रीच वाटायला लागली.

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी पेटी उघडली. तळातून वर्तमानपत्र काढलं. हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची. किरायानाम्याचं पहिलं कलम पायदळी तुडवून मी ती नेसले, घाईघाईत पदराला पिन टोचली, पैंजण काढून ठेवले आणि चोरपावलांनी जिना उतरले. कान त्यांचे तिखट होते, म्हणून चप्पलसुद्धा घातली नव्हती. काकाजी खुर्चीत उन्हाकडे तोंड करून बसले होते. चष्मा मांडीवर. मी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर जाऊन गप्प उभी राहिले.

ते वळले. बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले.

बाई आली हे चाहुलीवरूनही कळलं असतं.

"नायलॉन."

कापडाच्या सळसळीवरून अंदाजानंही म्हणता आलं असतं.

"हिरवी. पिवळे ठिपके. अन पदराची पिन उघडी हाये, टोचन." मग एकदम आवाज चढला. "वर्षभरापासून पेटीत लपवून ठेवली ना? पाइपले हात लावा आधी! आजपासून दुकान चालू हाये!"

मी पाइपला हात लावला. चट्. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. काकू भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर धावत आल्या. "काय झालं? काय म्हनले ते?" मला काही सांगताच येईना. मी नुसतं माझ्या साडीकडे बोट दाखवलं. काकूंना एका क्षणात समजलं. त्या आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या.

पाइपला हळदीकुंकू लागलं, पुढच्या दगडावर नारळ फुटला. मी तत्त्वाची बाई, दोन्ही हात पाठीमागे धरून बाजूला उभी राहिले. खोबरं मात्र दोनदा मागून घेतलं.

नारळाचं पाणी वाहत वाहत कोळशामिठाच्या खड्ड्यात जिरत होतं. काकाजींनी खुर्चीतून वाकून, एका डोळ्यानं, ते शेवटच्या थेंबापर्यंत नीट पाहिलं.

"छान झालं," मनगटाची पट्टी बांधत ते म्हणाले. "अर्थिंग ओली झाली."